पॅसेंजर गाड्यांचे वेळापत्रक : पोकळ्या, विसंगती आणि त्यांची कारणे

पुणे ते लोणावळा या सुमारे ६४ किलोमीटरच्या मार्गावर सकाळी आणि संध्याकाळी लोकल बऱ्यापैकी नियमित धावतात. भर दुपारी मात्र त्याच वेळापत्रकात अनेक वर्षे मोठी पोकळी दिसत आली आहे. वसई रोड–दिवा मार्ग मुंबई महानगर प्रदेशातच असूनही तिथे दिवसभरात मोजक्याच प्रवासी गाड्या आहेत. शेवटच्या दोन स्थानकांमधले जे अंतर एक गाडी दहा-बारा मिनिटांत तोडते, त्याच अंतरासाठी उलट दिशेच्या गाडीला कित्येकदा अर्धा तास दिलेला आढळतो. वरवर पाहता हा ढिसाळपणा वाटतो. प्रत्यक्षात अशा बहुतेक विसंगतींना कारण असते. फक्त ते छापील वेळापत्रकात दिसत नाही. काही कारणे रुळांची असतात, काही डब्यांची, तर काही कारभाराची. ती वेगळी करून पाहिली, तरच कोणती पोकळी भरता येईल आणि कोणती नाही, हे ठरवता येते.

पॅसेंजर गाडी म्हणजे काय

मार्गातील बहुतेक सर्व स्थानकांवर थांबणारी, साध्या भाड्याची, अनारक्षित गाडी म्हणजे पॅसेंजर. डिसेंबर २०१० पासून भारतीय रेल्वेत पाच अंकी गाडी क्रमांक आले आणि पहिल्याच अंकावरून गाडीचा प्रकार ओळखता येऊ लागला. ५ ने सुरू होणारी गाडी इंजिन जोडलेली जुन्या पद्धतीची पॅसेंजर असते. ६ म्हणजे विजेवरची मेमू आणि ७ म्हणजे डिझेलवरची डेमू. १ किंवा २ हा अंक मेल-एक्सप्रेसचा, ९ मुंबई उपनगरी गाड्यांचा आणि ० विशेष गाड्यांचा. गाडीचे थांबे, भाडे आणि रुळांवरचा तिचा मान या तिन्ही गोष्टी या वर्गीकरणाशी निगडित आहेत. म्हणून पोकळीचा शोध गाडीच्या क्रमांकापासूनच सुरू करणे सोयीचे असते.

दोन वेळापत्रके

प्रवाशाला दिसते ते सार्वजनिक वेळापत्रक. त्यात गाडी कुठे, किती वाजता येते आणि सुटते, एवढीच माहिती असते. रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी प्रत्येक विभागाचे स्वतंत्र कार्यकारी वेळापत्रक असते. दोन स्थानकांमधला धावण्याचा वेळ, कमाल वेग, वेगावरचे कायम निर्बंध, कोणती गाडी कुठे कोणत्या गाडीला भेटेल आणि दुरुस्तीसाठी किती जादा मिनिटे राखली आहेत, हा तपशील त्यात असतो. पहिले वेळापत्रक हा दुसऱ्याचा केवळ निष्कर्ष आहे. गणिताच्या पुस्तकामागची नुसती उत्तरे वाचून रीत कळत नाही. तसेच सार्वजनिक वेळापत्रक वाचून गाडी एखाद्या आडवळणाच्या स्थानकावर अठरा मिनिटे का थांबते, हे कळत नाही.

आलेख : वेळापत्रकाचा पाया

वेळापत्रक प्रथम आलेखाच्या रूपात मांडले जाते. एका अक्षावर दिवसाचे चोवीस तास आणि दुसऱ्या अक्षावर मार्गातील स्थानके. प्रत्येक गाडी ही या आलेखावरची एक तिरकी रेषा. रेषा जितकी उभी, तितकी गाडी वेगवान. रेषा आडवी झाली की गाडी थांबली. दोन दिशांच्या रेषा एकमेकींना छेदतात, तो त्यांच्या भेटीचा बिंदू. दुहेरी मार्गावर हा बिंदू कुठेही आला तरी चालतो. एकेरी मार्गावर मात्र तो स्थानकावरच यावा लागतो, तेही जिथे दुसरी गाडी उभी करायला लूप लाइन आहे अशाच स्थानकावर. वेळापत्रकातील पुष्कळशा विसंगतींचे मूळ या एका अटीत आहे. एक रेषा दहा मिनिटे सरकवली की तिला छेदणाऱ्या साऱ्या रेषा सरकवाव्या लागतात.

एकेरी मार्ग आणि क्रॉसिंग

महाराष्ट्रातील अनेक प्रादेशिक मार्ग अजून एकेरी आहेत. मिरज–कोल्हापूर आणि मिरज–कुर्डुवाडी ही त्यांची ठळक उदाहरणे. रोहा ते ठोकूर हा कोकण रेल्वेचा मार्गही बहुतांशी एकेरीच आहे. त्यातील रोहा–वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. एकेरी मार्गावर समोरून येणारी गाडी पोहोचेपर्यंत दुसरीला लूपमध्ये वाट पाहावी लागते. यालाच क्रॉसिंग म्हणतात. समोरची गाडी वीस मिनिटे उशिरा निघाली, तर उभ्या गाडीलाही वीस मिनिटांचा उशीर लागतो. पुढे तिची वाट पाहणाऱ्या तिसऱ्या गाडीकडे तो सरकतो. लहानशा स्थानकावरचा लांब थांबा पुष्कळदा असा क्रॉसिंगसाठी ठेवलेला असतो. तेथील प्रवासी-संख्येशी त्याचा संबंध नसतो.

थांबा आहे, पण लूप नाही

प्रवासी ज्याला सरसकट स्टेशन म्हणतात, त्याचे रेल्वेच्या दृष्टीने दोन प्रकार पडतात. गाड्यांची वाहतूक नियंत्रित करणारे ते ब्लॉक स्थानक; तिथे सिग्नल असतात आणि एकेरी मार्गावर बहुधा लूपही असते. दुसरा प्रकार हॉल्टचा. तिथे फलाट आणि तिकिटाची सोय असते, पण गाडी बाजूला घेता येत नाही. नकाशावर दर पाच-सहा किलोमीटरला स्थानक दिसले, तरी त्यांपैकी निम्मे हॉल्ट असतील, तर गाड्या भेटण्याच्या जागा निम्म्याच उरतात. कोकण रेल्वेने अलीकडच्या काळात खारेपाटण रोड, कडवई, वेरवली अशी नवी क्रॉसिंग स्थानके उभारली. त्यांमुळे स्थानिक प्रवाशांची सोय झाली. शिवाय गाड्यांना एकमेकींसाठी लांबवर थांबण्याची गरजही कमी झाली.

मार्गाची क्षमता

एकेरी मार्गावरून दिवसाला किती गाड्या जाऊ शकतात, याचा अंदाज रेल्वेत स्कॉटच्या सूत्राने घेतला जातो. दिवसाची १४४० मिनिटे घ्यायची. त्यांना, सर्वांत कठीण टप्पा पार करायला मंद गाडीला लागणारी मिनिटे आणि सिग्नल-ब्लॉकच्या कामाची मिनिटे यांच्या बेरजेने भागायचे आणि येणाऱ्या संख्येचे ७० टक्के धरायचे. समजा, टप्पा पार करायला १५ मिनिटे आणि ब्लॉकच्या कामाला ५ मिनिटे लागतात. १४४० भागिले २० म्हणजे ७२. त्याचे ७० टक्के म्हणजे दोन्ही दिशा मिळून सुमारे ५० गाड्या. मध्ये नवे क्रॉसिंग स्थानक झाले आणि १५ मिनिटांची ८ झाली, तर हाच आकडा ७७ पर्यंत जातो. मात्र एकच टप्पा तोडून भागत नाही. सर्वांत लांब टप्प्याची क्षमता जितकी, तितकीच संपूर्ण मार्गाची क्षमता राहते.

प्राधान्यक्रम

क्षमता मर्यादित असली की कोणाला आधी सोडायचे, हा प्रश्न येतो. अपघात मदत गाडीला सर्वांत आधी वाट मिळते. सामान्य दिवशी राजधानीसारख्या गाड्या, मेल-एक्सप्रेस, पॅसेंजर आणि शेवटी मालगाड्या असा ढोबळ क्रम असतो. पॅसेंजर दर काही किलोमीटरला थांबते. म्हणून मागून येणारी एक्सप्रेस तिला गाठते आणि पॅसेंजर लूपमध्ये जाते. कागदावर मालगाडीचा क्रम शेवटचा असला, तरी तिचा परिणाम कमी नाही. वसई रोड–दिवा–पनवेल मार्ग पश्चिम आणि मध्य रेल्वेला जोडणारा, बंदराकडे जाणाऱ्या मालवाहतुकीचा प्रमुख दुवा आहे. तेथील आलेख मालगाड्यांच्या रेषांनी भरलेला असल्याने प्रवासी गाडीसाठी नवी रेषा ओढणे कठीण जाते.

दुपारची पोकळी

रूळ, खडी, सिग्नल आणि ओव्हरहेड तार यांची निगा चालत्या गाड्यांखाली राखता येत नाही. त्यासाठी सलग दोन-तीन तास मार्ग मोकळा ठेवावा लागतो. वेळापत्रकातच राखून ठेवलेल्या या वेळेला कॉरिडॉर ब्लॉक म्हणतात. मुंबईत हेच काम रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये होते. इतर मार्गांवर रात्री लांब पल्ल्याच्या गाड्यांची गर्दी असते, सकाळ-संध्याकाळ नोकरदारांची; म्हणून ब्लॉक दुपारी पडतो. पुणे–लोणावळा मार्गावरील दुपारची पोकळी मुख्यतः या कारणाने आहे. ब्लॉक रद्द करणे हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही, कारण निगा टळली की वेगावर निर्बंध येतात आणि सर्वच गाड्या मंदावतात. एकदा एक रूळ, नंतर दुसरा, असा ब्लॉक विभागून मधल्या वेळेत एखादी गाडी सोडणे मात्र शक्य असते. तिसरा-चौथा मार्ग झाला, तर ही अडचण बरीचशी मिटते.

शेवटच्या टप्प्याचा फुगवटा

शेवटच्या आधीच्या स्थानकापासून अंतिम स्थानकापर्यंत दिलेला वेळ अनेकदा गरजेच्या दुप्पट-तिप्पट असतो. उलट दिशेच्या गाडीला याच अंतरासाठी थोडाच वेळ दिलेला असतो, कारण तिच्यासाठी हा पहिला टप्पा आहे. वाटेतील दुरुस्त्यांमुळे लागणारे तात्पुरते वेगनिर्बंध आणि इतर खोळंबे भरून काढण्यासाठी प्रत्येक गाडीला काही जादा मिनिटे दिली जातात. ती मधे वाटली, तर गाडी वेळेआधी पोहोचूनही छापील वेळेपर्यंत स्थानकात थांबून राहील. शेवटी साठवली, तर उशीर झाल्यास उपयोगी पडतात. मोठ्या जंक्शनजवळ फलाट रिकामा होईपर्यंत बाहेरच्या सिग्नलला थांबावे लागते, तो वेळही यातच धरलेला असतो. या सोयीची एक मर्यादा आहे. गाडीचा वक्तशीरपणा प्रामुख्याने अंतिम स्थानकावर मोजला जातो. त्यामुळे मधल्या गावांत रोज होणारा उशीर या फुगवट्याखाली झाकला जातो.

रेकची साखळी

डब्यांच्या एका संपूर्ण संचाला रेक म्हणतात. एकच रेक दिवसभरात वेगवेगळ्या क्रमांकांच्या अनेक गाड्या म्हणून धावतो. या साखळीला लिंक म्हणतात. समजा, शंभर किलोमीटरच्या मार्गावर पॅसेंजरला तीन तास लागतात आणि उलट फिरण्यासाठी पाऊण तास. तर चार फेऱ्यांतच पंधरा तास संपतात. उरलेला वेळ धुणे, तपासणी आणि इंधन यांना जातो. दोन रेक असतील, तर दिवसात आठच फेऱ्या होतील, त्याही सकाळ-संध्याकाळच्या गर्दीभोवती गोळा झालेल्या. मधे चार तास काहीच नसते. अशा मार्गावर रूळ मोकळे असूनही गाडी नसते. लोको पायलट आणि गार्ड यांचे कामाचे तास, सक्तीची विश्रांती आणि रनिंग रूमची, म्हणजे त्यांच्या विश्रांतिगृहाची, सोय यांचेही असेच गणित असते. काही गाड्या रविवारी धावत नाहीत, त्यालाही बहुधा कमी गर्दी आणि रेकची देखभाल अशी दुहेरी कारणे असतात.

घाटातील तुटलेला दुवा

मुंबईची लोकल कर्जतला संपते आणि पुण्याची लोणावळ्याला. मधला सुमारे २८ किलोमीटरचा बोरघाट मुख्यतः मेल-एक्सप्रेस गाड्यांच्या भरवशावर आहे. उत्तरेकडे हेच चित्र थळघाटात दिसते. लोकल कसाऱ्याला थांबते आणि भुसावळकडे जाणारी मेमू इगतपुरीहून निघते; मधे सुमारे १६ किलोमीटरचे अंतर राहते. दोन्ही घाटांतील चढ ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र आहे. त्यामुळे चढणाऱ्या गाड्यांना कर्जत किंवा कसारा येथे मागून जादा इंजिने, म्हणजे बँकर, लावतात आणि लोणावळा किंवा इगतपुरीला ती काढून घेतात. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे कर्जतचे थांबे या कामासाठीही असतात. उतरताना वेग कमी ठेवावा लागतो. अशा मार्गावर स्थानिक गाडी चालवणे खर्चिक आणि क्षमता खाणारे ठरते, म्हणून ही पोकळी भूगोलाचीच म्हणावी लागेल.

प्रशासकीय सीमा आणि हुकलेली जोड

महाराष्ट्रातील रेल्वे एका छत्राखाली नाही. मध्य, पश्चिम, दक्षिण मध्य, दक्षिण पूर्व मध्य, दक्षिण पश्चिम आणि कोकण रेल्वे यांचे मार्ग राज्यात आहेत. नागपुरात तर दोन वेगवेगळ्या झोनची विभागीय कार्यालये आहेत. मराठवाड्याचा बराच भाग सांभाळणारा नांदेड विभाग सिकंदराबादला मुख्यालय असलेल्या दक्षिण मध्य रेल्वेकडे आहे. पॅसेंजरचे नियोजन प्रामुख्याने विभागाच्या पातळीवर होते. म्हणून ती पुष्कळदा सीमेवरच्या जंक्शनला संपते. मिरज हे याचे चांगले उदाहरण. पुणे, कोल्हापूर, कुर्डुवाडी आणि बेळगाव या चार दिशांच्या गाड्या तिथे मिळतात. पण पुढची गाडी आधीच्या गाडीसाठी थांबेल, याची हमी वेळापत्रक देत नाही. दौंडला वेगळाच पेच आहे. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला तिथे इंजिन उलट बाजूला लावावे लागे. तो वेळ वाचवण्यासाठी कॉर्ड लाइन झाली. पण तिच्यावरचे दौंड कॉर्ड लाइन स्थानक मूळ जंक्शनपासून वेगळे आहे. थेट प्रवाशाचा वेळ वाचला, सोलापूर बाजूची गाडी पकडणाऱ्याची जोड मात्र तुटली.

पावसाळी वेळापत्रक

एकाच मार्गाची वर्षात दोन वेळापत्रके, हे कोकण रेल्वेचे वैशिष्ट्य आहे. डोंगरकापातून आणि बोगद्यांतून जाणाऱ्या या मार्गावर पावसाळ्यात दरडी कोसळण्याचा धोका असतो. म्हणून गाड्यांचा वेग कमी केला जातो. मुसळधार पावसात तो ताशी ४० किलोमीटरपर्यंत खाली आणला जातो. अनेक वर्षे हे वेळापत्रक १० जूनपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत असे. २०२५ मध्ये हा काळ १५ जून ते २० ऑक्टोबर इतका कमी करण्यात आला. वेग कमी झाला की आलेखावरची प्रत्येक रेषा अधिक तिरकी होते आणि क्रॉसिंगची स्थानके बदलतात. त्यामुळे सुटण्याच्या वेळाही बदलतात आणि काही गाड्यांचे धावण्याचे दिवस कमी होतात. पावसाळ्यापुरती उलटीपालटी वाटणारी ही रचना सुरक्षिततेचा थेट परिणाम आहे.

मार्च २०२० नंतरचे बदल

करोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये देशभरातील प्रवासी गाड्या थांबल्या. पुढे पॅसेंजर परतल्या, त्या ० क्रमांकाच्या विशेष गाड्या म्हणून आणि एक्सप्रेसच्या भाड्याने. किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा अनेक गाड्यांचे भाडे पुन्हा साधे झाले. याच काळात आयआयटी मुंबईच्या साहाय्याने शून्याधारित वेळापत्रक आखले गेले. जुन्या वेळांना चिकटून न राहता आलेख नव्याने मांडणे, हा त्यामागचा विचार होता. त्यात लांब पल्ल्याच्या अनेक पॅसेंजरना एक्सप्रेसचा दर्जा मिळाला आणि काही लहान थांबे गेले. पूर्वी दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर दिव्याहून सुटू लागली. आलेख अधिक सुटसुटीत झाला हे खरे. पण गेलेल्या थांब्याची किंमत ज्या गावाने मोजली, तिथे दुसरी गाडी मिळाली नाही.

मेमूचा उपयोग आणि मर्यादा

मेमूला वेगळे इंजिन नसते; मोटारी अनेक डब्यांत विखुरलेल्या असतात. त्यामुळे ती थांब्यावरून चटकन वेग घेते आणि शेवटच्या स्थानकावर इंजिन फिरवण्याचा वेळ वाचतो. त्याच रेकमध्ये दिवसाला एखादी फेरी वाढू शकते. रेकच्या साखळीतून आलेल्या पोकळीवर हा नेमका उपाय आहे. एकेरी मार्गावरच्या क्रॉसिंगचा प्रश्न मात्र मेमू सोडवू शकत नाही. तिथे लूप वाढवणे किंवा दुहेरीकरण हाच मार्ग उरतो. ब्लॉकमुळे पडलेल्या पोकळीलाही मेमूचा उपयोग नाही.

निष्कर्ष

वेळापत्रकातील पोकळ्या चार प्रकारांत बसतात. घाट आणि पाऊस यांच्या पोकळ्या निसर्गाच्या असून त्या स्वीकाराव्या लागतात. एकेरी मार्गाच्या पोकळ्या पैशाने आणि बांधकामाने भरतात, पण त्याला वर्षे लागतात. ब्लॉकच्या पोकळ्या नीट नियोजनाने लहान करता येतात. रेकची साखळी, विभागांच्या सीमा आणि हुकलेल्या जोडण्या यांतून आलेल्या पोकळ्या मात्र नवा रूळ न टाकताही कमी होऊ शकतात. त्यासाठी एखादा जादा रेक, दोन विभागांतील समन्वय किंवा पंधरा मिनिटांचा बदल पुरेसा असतो. प्रवासी संघटनांची निवेदने बहुधा ‘गाडी वाढवा’ एवढ्यावर थांबतात आणि ‘मार्गाची क्षमता संपली आहे’ या उत्तराने परत येतात. पोकळी नेमकी कोणत्या प्रकारची आहे, हे दाखवून केलेली मागणी असे सरसकट उत्तर देऊन टाळता येत नाही. कार्यकारी वेळापत्रकातील धावण्याचे वेळ, राखीव मिनिटे आणि क्रॉसिंग यांचा तपशील प्रवाशांसाठी खुला झाला, तर ही चर्चा तक्रारीवर न थांबता उपायापर्यंत पोहोचेल. एक्सप्रेस जिथे थांबत नाही, अशा गावांसाठी पॅसेंजर हीच रेल्वे आहे. तिच्या वेळापत्रकातील प्रत्येक पोकळीचे कारण त्या गावांना कळायलाच हवे.